कॉलेजात मेंदू आरोग्याचा गट काढताय? आधी ‘वारं गेलं’ शिका

गट काढला की पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष, सचिव, लोगो आणि टी-शर्ट ठरतात. ठरू देत. पण काम ज्यांच्यावर उभं राहतं ती माणसं वेगळीच असतात: प्रश्नावली मराठीत आणणारा, नोंदवही सांभाळणारी आणि शिबिर उठल्यावर महिनाभर फोन करत बसणारा. यातली एक जबाबदारी मागून घ्या. तिथं फारशी रांग नसते.

प्रश्नावली म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. ‘पक्षाघाताची लक्षणं माहीत आहेत का?’ असं गावात विचारलं की माना नकारार्थी हलतात. ‘कुणाच्या अंगावरून वारं गेलेलं पाहिलंय का?’ असं विचारा, मग तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, सगळं तेच सांगतात. तंबाखूचंही तसंच. ‘तंबाखू खाता का?’ला आजी ठाम ‘नाही’ म्हणतात. मशेरी मात्र दिवसातून दोनदा लागते, कारण मशेरी काही ‘खात’ नाहीत, लावतात. पुस्तकी शब्दांनी केलेला सर्व्हे लोकांचं ज्ञान मोजत नाही, शब्दसंग्रह मोजतो. म्हणून मराठी प्रत तयार झाली की मूळ प्रत न पाहिलेल्या मित्राकडून तिचं उलट इंग्रजी करून घ्या, आणि जुळत नसेल तिथं थांबा. मग आठ-दहा गावकऱ्यांना वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारा.

शिबिरात एकच चाचणी ठेवायची तर रक्तदाब ठेवा. पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांत तो सगळ्यात मोठा. मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. मोजण्याआधी 5 मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला; मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं. नोंदीसकट माणशी चार मिनिटं धरली तर एका मशीनवर तासाला पंधराच जण होतात, आणि तेही शेजारी थांबायला दोन-तीन खुर्च्या असतील तरच. गर्दी वाढली की पहिली कात्री या 5 मिनिटांनाच लागते. उन्हातून चालत आलेल्या माणसाचा आकडा मग फुगतो. दुसरी चूक बाहीची: ब्लाऊजची घट्ट बाही वर सारली की तीच दंड आवळते. त्यासाठी पडदा आणि मुलींपैकी कुणीतरी हवंच. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा जास्त येतो. एका दिवसाच्या 140/90 वरून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं जाहीर करू नका, आरोग्य केंद्रात पुन्हा तपासायला पाठवा. 180/120 च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पक्षाघात भाषणानं शिकवू नका, करून दाखवा. ‘हसा’ म्हटलं की लोक लाजतात, ‘दात दाखवा’ म्हणा. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात 10 सेकंद समोर धरायला लावा. एक हात हळूहळू खाली येत असेल तर धोका. एक साधं वाक्य म्हणवून घ्या. बिघाड दिसला की 108. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि हे तास माणूस शेवटचा धड दिसला त्या क्षणापासून मोजतात, लक्षण कळल्यापासून नव्हे. गाठ आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन घरी द्यायची नाही. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे स्वतः फोन करून विचारा आणि पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा. ही ओळ नसलेलं पत्रक घरोघरी वाटून काय उपयोग?

आकडी आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणं अजून चालतं. त्यावर हसू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांत थांबली नाही तर 108, एवढं करून दाखवा.

स्मरणशक्तीच्या चाचण्या मात्र मंडपात नकोत. शाळेत न गेलेल्या माणसाला पंचकोन काढायला लावलं तर गुण कमी पडणारच, आणि ‘डोकं गेलंय’ हा शिक्का गावात पुसला जात नाही. घरच्यांना बाजूला घेऊन विचारा: हिशोब, गोळ्या, नेहमीची वाट, यात वर्षभरात काही बदललंय का?

संशोधन करायचं असेल तर ते शिबिरापासून वेगळं ठेवा. एमबीबीएस, बीडीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थी योजना आहे. त्या दोन महिन्यांत मावेल एवढाच प्रश्न घ्या. ‘महाराष्ट्रातील डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश)’ नको, ‘बाह्यरुग्ण विभागातले पक्षाघाताचे रुग्ण किती तासांनी पोचले आणि वेळ कुठं गेला’ हे जमतं. नीतिशास्त्र समितीची मंजुरी पहिल्या नोंदीआधी लागते; शिबिरात आधीच जमवलेले आकडे नंतर ‘अभ्यास’ म्हणून खपत नाहीत. संमतीपत्र मराठीत हवं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना गटाबाहेरचा साक्षीदार बसवा.

नोंदवहीत शेवटचे दोन रकाने कोरे सोडा: ‘15 दिवसांनी फोन’ आणि ‘डॉक्टरांकडे गेले का’. ‘नाही’ असेल तर पुढं कारणही लिहा: बस नाही, मजुरी बुडते, गोळ्या संपल्या. पुढच्या शिबिराचा वार आणि वेळ त्यावरूनच ठरवा.