ह्यांच्या मोबाइलवर आलेला रिपोर्ट

शिबिरात नाव लिहून घेणाऱ्या ताईंनी मोबाइल नंबर विचारला आणि मी सवयीनं ह्यांचा सांगितला. गॅसला तोच, रेशनला तोच, पोरीच्या शाळेतही तोच. त्या सवयीत माझे अडीच महिने गेले.

शिबिर आमच्या पेठेतच होतं. जाऊबाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया? मी न्हाई येत." अंगावरून पांढरं जाणं हा आमच्या घरात आजार धरतच नाहीत. मीही खरं तर बीपी फुकट बघतात म्हणून गेले होते. तिथं तिशीपुढच्या बायकांची एचपीव्ही तपासणी चालली होती. एचपीव्ही म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळं होतो तो विषाणू. पडदा, टेबल, बारीक ब्रश, औषधाची बाटली. दोन मिनिटांत झालं. दुखलं नाही, पण लाज वाटली, दोन बाळंतपणं होऊनही.

मेसेज आला तो ह्यांना फसवणुकीचा वाटला. लाईट बिलाचा फोटो शोधताना मला दिसला : पॉझिटिव्ह, डॉक्टरांना भेटा. त्या रात्री मी मनातल्या मनात दागिन्यांची वाटणी करून मोकळी झाले.

डॉक्टरबाईंनी आधी बसवलं. हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही, म्हणाल्या. हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बऱ्याचदा आपोआप जातो. ठाण मांडून बसला तर पेशी बदलत जातात. त्यातून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तेवढी मुदत असते, म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. मग त्यांनी आत व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावलं, मिनिटभर थांबून दुर्बिणीतून पाहिलं. पांढरा चट्टा उठला होता. तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवसांनी कळलं : पेशी बदलल्यात, कॅन्सर नाही. ते दहा दिवस मात्र कुणाला येऊ नयेत.

जाऊबाईंचा सल्ला तयार होता, "पिशवीच काढून टाक की, कटकट जाईल." आमच्या भावकीत चौघींच्या निघाल्यात, त्यामुळं त्यांना ते दाढ काढण्याइतकंच वाटतं. डॉक्टरबाईंनी ठाम नाही म्हटलं. गरम केलेली सळईसारखी वस्तू मिनिटभर टेकवून चट्टा जाळला. भूल नाही; पाळीत येते तशी कळ आली, तासाभरानं रिक्षानं घरी. पुढं काही आठवडे पाण्यासारखं जात राहिलं. महिनाभर नवऱ्यापासून लांब राहा, हे मी ह्यांना सांगण्यापेक्षा बाईंनीच सांगितलं ते बरं झालं. वर्षानं पुन्हा तपासणी.

असल्या तपासणीचा मोठा पुरावा आपल्याच मुलखातला आहे, हे तेव्हा कळलं. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये निष्कर्ष आले : एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणि तरी दहा वर्षांनंतरच्या सरकारी पाहणीत देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत या कॅन्सरची तपासणी झालेल्या दोनसुद्धा निघाल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेला २०३० पर्यंत शंभरातल्या सत्तर हव्यात.

या विषाणूवरची लस मलाच द्या, मी डॉक्टरबाईंना म्हटलं. आधीच शिरलेल्या विषाणूवर ती चालत नाही, विषाणूशी गाठ पडण्याआधी द्यायची. म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या पोरीला. सासूबाईंचं सुरू झालं, "लग्नाआधीच कशाला?" आत्या, धनुर्वाताचं इंजेक्शन आपण पाय कापल्यावर धावत जाऊन घेतो, ही लस त्याच्या उलटी आहे, असं काहीतरी मी बोलले. पटलं की नाही कुणास ठाऊक. पण पुण्यात बनलेली लस आहे म्हटल्यावर गप्प बसल्या. सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस झाले. पैसे दुधाच्या बिलातून गेले. मोठी झाल्यावर तिलाही तपासणी चुकणार नाही, कारण लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

जाऊबाई आता तयार आहेत. आधी संकष्टी आडवी आली, मग ऊसतोड. आता म्हणतात, जोतिबाची यात्रा होऊ दे. यात्रा चैत्रात असते आणि सध्या कार्तिक चालू आहे.