दहा रुपयांच्या क्लिपा

सांगलीतल्या शंभर फुटी रस्त्यावरच्या आमच्या बंपर दुरुस्तीच्या गाळ्यात गल्ल्याला लागून एक जुनी लाकडी पेटी आहे. आईच्या शिलाईच्या रिळांची. आता तिच्या खणांत बंपर गाडीला अडकवायच्या क्लिपा असतात: गोल डोक्याच्या, मधली पिन दाबून बसणाऱ्या, फेंडरच्या कडेच्या चपट्या. एक क्लिप साधारण दहा ते वीस रुपयांची. दुकान चालतं ते या पेटीवर, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आबा मिरजेत डेंटर होते. अँबॅसिडर आणि फियाटचे लोखंडी बंपर ठोकून सरळ करायचे आणि क्रोमला पाठवायचे. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि तिच्यामागोमाग प्लॅस्टिकचा बंपर. आबांनी बोटानं टकटक करून बघितलं आणि म्हणाले, “हा कसला बंपर, हे तर घमेलं!” त्यांनी त्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. तुटला की नवा घाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी वेगळा गाळा घेतला तेव्हा माझ्याकडे हातोडी, डॉली (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा), लांबी (खड्डे भरायचा लगदा) आणि उत्साह होता. प्लॅस्टिकचं ज्ञान शून्य. बंपर लोंबकळत आला की मी त्याला पत्र्याचे स्क्रू मारायचो. गच्च बसायचा, गिऱ्हाईक खूश. मग एप्रिलच्या उन्हात तासगावच्या एका बागायतदारांची गाडी आली. मीच महिनाभरापूर्वी स्क्रू मारलेला बंपर भोकापासून फाटून पुढच्या चाकाखाली गेला होता. त्यांनी तो डिकीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. “मालक, तुमचं काम तुमच्यापाशीच राहू दे.” ओरडले असते तरी बरं वाटलं असतं.

चूक कुठं झाली ते कुपवाड एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या टाक्या वेल्ड करणाऱ्या एका मामांनी सांगितलं. प्लॅस्टिक उन्हात पत्र्याच्या कितीतरी पट पसरतं. क्लिपेत आणि लांबट भोकांत त्याला सरकायला जागा ठेवलेली असते. स्क्रूनं ती जागा मी बंद केली होती, मग प्लॅस्टिक भोकापाशी चिरणारच. शिवाय धक्का बसला की क्लिप आधी तुटावी आणि बंपर वाचावा, हाही त्यात फायदा. स्क्रू तुटत नाही, बंपर तुटतो.

मामांकडे मी तीन महिने रविवारी जात होतो. बंपर उलटा केला की आतल्या बाजूला छाप असतो. बहुतेक ठिकाणी पीपी आणि ईपीडीएम, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर. छाप झिजला असेल तर आतला बारीक तुकडा जाळून वास घ्यायचा. पीपीला विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो, एबीएस या दुसऱ्या, कडक प्लॅस्टिकचा काळा धूर निघून काजळी उडते. गाडीच्या पुढच्या ग्रिलला बहुधा एबीएस असतं, त्यामुळे बंपरची वेल्डिंगची काडी ग्रिलला चालत नाही. चीर पडली असेल तर तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर ती पुढं पळत राहते. मग मागून व्ही आकाराची खाच, स्टीलची जाळी गरम करून रुतवायची आणि वरून त्याच जातीची काडी गरम हवेनं वितळवायची. नुसता चेपलेला बंपर असेल तर वेल्डिंगची गरजच नाही. उकळतं पाणी ओता, आतून हातमोज्यानं ढकला, लगेच गार पाणी मारा.

रंगाचं मात्र कुणी घाईत सांगू नका. पीपीवर रंग धरतच नाही, प्लॅस्टिकचं वेगळं अस्तर लागतं. ते वगळलं की गाडी धुताना प्रेशरच्या पाण्यानं पापुद्रे उडतात. मागच्या बंपरवर सेन्सर असतील तर लांबीचा जाड थर नको, नाहीतर सेन्सर रिव्हर्सला उगाच ओरडतो किंवा ओरडायच्या वेळी गप्प बसतो.

मध्ये दोन-तीन वर्षं चांगले पैसे मिळाले ते क्रॅश गार्डांवर. जाड पाइपांची ती कमान लावली की बंपर सुरक्षित, असं आम्हीही सांगायचो. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा हवाला देऊन त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. पायी चालणाऱ्याला ती कमान घातक, आणि धडकेचा जोर बंपरमागच्या बीमऐवजी थेट चासीत जातो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही चुकतो. उरलेले गार्ड भंगारात घातले. तो तोटा जरा जास्तच लागला, खोटं कशाला सांगू.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर ज्या गाड्या आल्या त्यांचे बंपर खाली झुकलेले. काढून बघितलं तर खालच्या पट्टीत आणि आतल्या फोमच्या मागं वाळलेला गाळ, एकेका बंपरमधून पाटीभर. वजनानंच क्लिपा निखळलेल्या. तेव्हापासून पावसाळा संपला की मी सगळ्यांना सांगतो, खालून पाणी मारा, गाळ काढा, आणि दोन्ही टोकांना हात लावून बंपर हलवून बघा. कडेला बोटभर फट दिसली तर त्याच आठवड्यात या. एक क्लिप नसली की शेजारच्या दोघींवर ताण येतो.

गाड्या ठोकून बंपर जातात त्यापेक्षा जास्त पार्किंगच्या दगडावर जातात. नाक पुढं करून गाडी लावताना बंपरची खालची कड दगडावरून पुढं सरकते, कळतही नाही. निघताना रिव्हर्स घेतला की तीच कड दगडाला अडकून अख्खा बंपर ओढून काढते. दगड उंच वाटला तर अलीकडेच थांबा.

विम्याबाबत आमचं वागणं काहींना विचित्र वाटतं. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापला जातो, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते, जिचा आकडा वर्षागणिक वाढत 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. म्हणून छोट्या चिरेसाठी क्लेम करू नका, असं मी आधी सांगतो. नव्या बंपरचं बिल गमावून वेल्डिंगचं बिल करतो. घरी यावरून बोलणी खाल्ली आहेत.

आता मुलगा सोबत आहे. बंपरमागं रडार असलेल्या गाड्यांचं रंगकाम घ्यायचं की नाही, यावर आमची रोज वादावादी होते. सध्या मी नाही म्हणतो. एवढ्यात उसाचा हंगाम सुरू होईल, रात्री मागच्या लाल पट्टीविना उभ्या असलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील. क्लिपांची ऑर्डर दिली आहे, गल्ल्याखाली टायची (बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची) दोन पाकिटंही ठेवली आहेत. घरी पोचेपर्यंत बंपर बांधून जायचा असेल तर टाय फुकट.