आमची वाटचाल : लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून गोल टॅरो

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. आमच्या छापखान्यात जो टॅरोचा संच तयार होतो, त्यात नेहमीप्रमाणे ७८ पत्ते आहेत, पण ते सगळे गोल आहेत. त्यांच्यावर इजिप्तचे पिरॅमिड नाहीत, युरोपातले राजवाडेही नाहीत. शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर दशावतारी नाटकातला संकासुर आहे, नवव्यावर कंदील घेतलेला पिंगळा, दहाव्यावर रहाटगाडगं. हा संच हातात घेणारा माणूस पहिली काही मिनिटं नुसती चित्रं बघत बसतो, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

छापखाना बाबांनी कुडाळला सुरू केला. पायानं चालवायचं ट्रेडल, शिशाच्या खिळ्यांचे खण, कागद कापायचं यंत्र, एवढाच पसारा होता. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांची घाई सुरू व्हायची. त्याच सुमाराला गावोगावच्या जत्रा लागायच्या आणि दशावतारी मंडळांची हँडबिलं यायची. पुढे ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं, कामाचं स्वरूप मात्र तेच राहिलं. पत्रिका हळूहळू फोनवर जायला लागल्याच होत्या, त्यात २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. पन्नास माणसांना पत्रिका कोण छापतो? मशीन चालू ठेवायचं तर दुसरं काहीतरी छापायला हवं होतं. दादाचं म्हणणं खोके आणि पॅकिंग करावं असं होतं. माझ्या मनात पत्ते होते.

सावंतवाडीपासून आम्ही इतक्या जवळ राहतो की गंजिफा आम्हाला नवी नव्हती. चिंचोक्याच्या खळीनं कापडाचे थर चिकटवून केलेले गोल पत्ते, त्यावर रंगवलेली चित्रं, वरून लाखेचा थर. दशावतारी गंजिफेत दहा रंग असतात, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण १२० पत्ते. ही कला संपत आली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराकडून ती नव्या मुलांना शिकवून घेतली. राणीसाहेब स्वतःही शिकल्या. तो प्रयत्न झाला नसता तर आमचे पत्ते रंगवणारा चितारी मला आज सापडलाच नसता.

टॅरो मात्र गिऱ्हाइकाकडून कळला. एका बाईंनी टॅरोवरची पुस्तिका छापायला दिली होती. पत्ते होते १९०९ साली लंडनमध्ये निघालेले, जे आजही जगात सगळ्यांत जास्त वापरले जातात. त्यातली सर्व चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढली. ती रंगभूमीशी जवळून जोडलेली होती आणि ते तिच्या चित्रांत दिसतं. कितीतरी पत्त्यांवर पात्रं रंगमंचाच्या फळीवर उभी असावीत तशी आहेत, मागे पडदा लावल्यासारखं आकाश. तिला या कामाचे फार थोडे पैसे मिळाले आणि संच ओळखला गेला तो प्रकाशकाच्या आणि कल्पना पुरवणाऱ्या वेट यांच्या नावानं. कोपऱ्यातल्या तिच्या छोट्याशा सहीकडे फारसं कोणी बघत नाही. ही गोष्ट मला फार लागली. आमच्या डबीवर सगळ्यांत वर चितारीचं नाव असतं, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे त्याचा हिस्सा ठरलेला आहे.

पुस्तिका लावता लावता मी मूळ इतिहास वाचत गेले. टॅरो १४४०च्या सुमारास उत्तर इटलीत तयार झाला तो खेळायला. आधीचे चार रंग होतेच, त्यांच्यावर हुकूम म्हणून २१ चित्रांचे पत्ते आणि एक विदूषक वाढवला. फ्रान्समध्ये, ऑस्ट्रियात तो आजही खेळला जातो. भविष्याशी त्याचं नातं खूप उशिरा जुळलं. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं हे पत्ते प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान असल्याचं लिहिलं. त्याला काही आधार नव्हता, तरी ती कल्पना टिकली. त्याआधी जवळजवळ साडेतीनशे वर्षं इटलीतल्या मिलान किंवा फेरारातला माणूस हे पत्ते बघायचा, तेव्हा त्याला अर्थ सांगणारी पुस्तिका लागत नव्हती. पोप, सम्राट, दैवाचं चाक, मृत्यू ही सगळी चित्रं त्यानं देवळाच्या भिंतींवर आणि मिरवणुकांत पाहिलेली होती.

आमचा संच इथून सुरू झाला. पत्त्यावरचं चित्र बघणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून यायला हवं, मग खूण समजावून सांगावी लागत नाही.

संकासुराचंच बघा. टॅरोतला विदूषक क्रमांकाच्या बाहेरचा. जुन्या खेळात तो कुठल्याही पत्त्याला मारत नाही आणि मारलाही जात नाही. दशावतारी नाटकात मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो, त्यात काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो, भटजींची आणि प्रेक्षकांची थट्टा करतो. गोष्ट अजून सुरूच झालेली नसते. शून्याच्या जागी उभा करायला याहून योग्य पात्र मला सुचलं नाही. चितारीनं त्याची जीभ पत्त्याच्या गोल कडेपर्यंत ओढली आहे, एवढा एकच लाल रंग साऱ्या काळ्यात.

नववा पत्ता एकांतवासी म्हाताऱ्याचा. मिलानच्या एका जुन्या संचात त्याच्या हाती वाळूचं घड्याळ आहे, कंदील नंतर आला. घाटावरच्या गावांत पहाटेच्या अंधारात कंदील आणि कुडमुडं घेऊन येणारा पिंगळा भविष्यच सांगतो. दहाव्या पत्त्याला तर विचारच करावा लागला नाही. भरलेली गाडगी वर येतात, रिकामी खाली जातात, हे आपण पिढ्यान्पिढ्या बोलत आलो आहोत.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती बाराव्या पत्त्यावर, उलट्या टांगलेल्या माणसावर. त्या काळात इटलीतल्या शहरांत फितुराचं चित्र एका पायानं उलटं टांगलेलं असं भिंतीवर रंगवत, बदनामीसाठी. पत्त्याचं मूळ तिथलं. पण १९०९च्या संचातला माणूस शांत आहे, डोक्यामागे तेजोवलय आहे, जणू तो स्वतःहून लटकला आहे. हे दोन अर्थ एका चित्रात कसे आणायचे? उत्तर मिळालं वाईजवळच्या बावधनला. रंगपंचमीला भैरवनाथाच्या यात्रेत बैलांनी ओढलेल्या बगाडाच्या गाड्यावर, उंच शिडाला बांधलेला बगाड्या असतो. तो नवस फेडायला चढलेला असतो, स्वेच्छेनं. आमचा बगाड्या उलटा नाही, आडवा आहे, आणि पत्ता गोल असल्यामुळे तो वाटेल त्या बाजूनं लटकवता येतो.

तेराव्या पत्त्यावर, मृत्यूच्या, हाडांचा सापळा नको हे आधीच ठरलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजतात, पालापाचोळा आणि शेण पसरून राब जाळतात, आणि पाऊस पडला की त्याच राखेत भाताचं बी पेरतात. पत्त्याचा खालचा अर्धा भाग काळा, वर बोटभर हिरवे तरवे. माणूस कुठेच नाही. एका मोठ्या शहरातल्या टॅरोच्या जाणकारांनी हा पत्ता पाहून हा मृत्यू वाटत नाही असं म्हटलं. गावातल्या बायकांना मात्र तो बघताक्षणी कळतो.

आता चार रंगांविषयी, कारण इथे मला सगळ्यांत मोठा आनंद मिळाला. युरोपातल्या पत्त्यांचे प्याले, तलवारी, नाणी आणि सोटे मूळचे ममलूक सुलतानांच्या इजिप्तमधले. सोटे म्हणजे खरं तर पोलोच्या काठ्या, पण इटलीत पोलो कोणाला माहीत नव्हता. आणि जुन्या टॅरोच्या खेळात एक विचित्र नियम आहे. तलवारी आणि सोट्यांत दश्शी एक्क्याला मारते, प्याले आणि नाण्यांत मात्र एक्का दश्शीला मारतो. आमच्या गंजिफेतही अगदी हेच! अर्ध्या रंगांत दश्शी भारी, अर्ध्या रंगांत एक्का. दोन टोकांच्या दोन खेळांत हाच उलटा क्रम बघून मी उठून दादाला हाका मारल्या होत्या. दोघांची मुळं दूर कुठेतरी एकमेकांजवळ आहेत, याचं मला एवढं प्रमाण पुरेसं होतं.

मग आम्ही रंग असे घेतले: वामनाचा कमंडलू, कल्कीची तलवार, रामाचा बाण, आणि नाण्यासाठी तांब्याची शिवराई. तलवारी आणि बाण जितके जास्त तितकं बळ जास्त. कमंडलू आणि शिवराईत मात्र थोडक्यातच ताकद, एक भरलेला कमंडलू दहांना पुरून उरतो. अर्थ असे खेळाच्या नियमातूनच आले, कुठून उसने आणावे लागले नाहीत.

देवांची चित्रं मात्र घेतली नाहीत, फक्त खुणा घेतल्या. गंजिफा खेळताना देवांची नावं तोंडी येतात आणि ते पुण्याचं मानलं जातं. दिवसा रामाच्या राजानं आणि रात्री कृष्णाच्या राजानं खेळ सुरू करायची रीत आहे. पण टॅरो कोण, कुठे, कोणत्या भावनेनं हाताळेल हे आमच्या हाती नाही. म्हणून आमचे राजे म्हणजे दशावतारातले राजपार्टी नट, रंगवलेले, मुकुट घातलेले, आणि प्रत्येकाच्या मागे ते एकुलतं एक लाकडी बाकडं, ज्याच्यावर आख्खं नाटक उभं राहतं.

राण्यांचा प्रश्न उरला. गंजिफेत राणीच नसते, राजा आणि प्रधान एवढेच. टॅरोत चार राण्या हव्यात. चितारींकडे नमुना नव्हता, त्यांच्या आजोबांच्या वहीतही नव्हता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाय, राणी आतापर्यंत कोणी काढूक नाय. काढून बघूया.” आमच्या संचातली सगळ्यांत सुंदर चार चित्रं तीच आहेत, असं मला मनापासून वाटतं. शिवराईची राणी जमिनीवर बसून नाणी मोजत नाही, ती पाटावर बसून भात निवडते आहे. नाणं तिच्या पदराच्या गाठीत आहे.

गोल टॅरो आम्हीच पहिल्यांदा केला असं नाही. अमेरिकेत १९८१ साली निघालेला ‘मदरपीस’ संच गोलच आहे. आयताकृती पत्ता सुलटा किंवा उलटा पडतो, गोल पत्ता कुठल्याही कोनात पडू शकतो, किती कलला आहे यालाही अर्थ येतो. छापणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र गोल म्हणजे कष्ट. शीटवर जागा वाया जाते. पत्ते कापायची डाय जराशी बोथट झाली की कडेला पापुद्रा सुटतो. साध्या आर्ट कार्डातून उजेड आरपार दिसतो, म्हणून मध्ये काळा थर असलेला बोर्ड लागतो, आणि तो कमी प्रमाणात द्यायला पुरवठादार तयार नसतात. एकानं आगाऊ पैसे घेऊन भलताच माल पाठवला. शेवटी आम्ही आणि दुसऱ्या एका छापखान्यानं मिळून मागणी नोंदवली, तेव्हा काम सुरळीत झालं. पाठीला नक्षी नाही, जुन्या गंजिफेसारखा सपाट लाल रंग. कडा हातानं रंगवतो. डबी सावंतवाडीत बनते, सरकत्या झाकणाची, लाकडी.

संचासोबत पातळ पुस्तिका असते. तिच्यात आधी खेळाचे नियम आहेत, तिघांनी खेळायचे, आणि मग पत्त्यांची माहिती. पत्ते पुढचं सांगतात असा दावा आम्ही कुठेही केलेला नाही. चित्र समोर असलं की माणूस स्वतःविषयी बोलायला लागतो, हे मात्र मी दुकानातच कितीदा पाहिलं आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं होतं, नंतर परदेशातल्या मराठी घरांतून मागणी यायला लागली. गोव्यातले लोक संकासुर बघून हसतात, कारण तो त्यांच्याही ओळखीचा आहे. लग्नपत्रिका आम्ही अजून छापतो. दोन कामगार होते ते चार झाले, त्यातल्या दोघी कडा रंगवतात.

या पावसाळ्यात त्याच डायवर १२० पत्त्यांची दशावतारी गंजिफा छापायला घेतली आहे, खेळण्यापुरती, परवडेल अशा किमतीत. हातानं रंगवलेला संच चितारीच करतील, त्याची बरोबरी छापील पत्ता करू शकत नाही आणि आम्हाला ती करायचीही नाही. पण मुलांच्या हातात खेळायला काहीतरी हवं. मत्स्य आणि कूर्माच्या प्लेटा झाल्या आहेत. वराहाचा निळा अजून चितारींच्या मनासारखा उतरलेला नाही, म्हणून मशीन थांबवलं आहे.