ससून गोदीत कापूस शोधताना

आमच्या खामगाव तालुक्यातील प्रत्येक म्हातारा केव्हा ना केव्हा ‘आपला कापूस मुंबईहून थेट विलायतेला जायचा’ असे सांगतोच. त्यामुळे मेहुण्याकडे डोंबिवलीला चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा गेटवे आणि राणीची बाग मुलांच्या वाट्याला देऊन मी पहाटेच्या पहिल्या लोकलने एकटाच कुलाब्याच्या ससून गोदीकडे निघालो.

अमेरिकेतील 1861 ते 65 च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला व विलायतेच्या गिरण्यांना आपल्या कापसाची आठवण झाली, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, 1870 मध्ये आमचा जलंब–खामगाव लोहमार्ग आला आणि 1875 मध्ये ससून घराण्याने ही गोदी बांधली, एवढे सगळे मी पाठ करून गेलो होतो. फाटकाच्या आत मात्र पायाखाली आले ते बर्फाचे पाणी आणि खवले. कापसाचा मागमूसही नव्हता, आणि तो असेल असे मला का वाटावे, हे आता मलाच सांगता येत नाही.

मासळीचा लिलाव आमच्या बाजार समितीतल्या हर्रासासारखाच गलबल्याचा होता. फरक इतकाच की, येथे कोळीण स्वतः भाव सांगून त्यासाठी भांडत होती. आम्ही गाडीवर बसून दुसऱ्याने बोललेला भाव ऐकतो.

पुढे शेडमध्ये बायका ओळीने कोळंबी सोलत बसल्या होत्या. डोके मोडायचे, कवच ओढायचे, गर भांड्यात टाकायचा. हात थांबत नव्हते. बर्फाने पांढुरकी पडलेली, चिरा गेलेली ती बोटे पाहून मला वेचणीच्या दिवसांतली आईची बोटे आठवली, कारण बोंडाची वाळलेली टोकेही अशीच बोचतात आणि मजुरीही अशीच वजनावर मिळते. मी तेथून हलेना, तेव्हा एक बाई म्हणाली, “नुसतं काय बघता भाऊ? बसा, सोला.” मी बसलो. माझी पहिली कोळंबी मधोमध तुटली, तोवर तिच्या सात-आठ झाल्या होत्या. ‘तुमच्या हिशेबाने आम्ही उपाशी मरू,’ असे म्हणत तिने माझ्या हातातला तुकडा काढून घेतला.

तीनदा साबण लावूनही बोटांचा वास गेला नाही. परतीच्या गाडीत समोर शेगावला दर्शनासाठी निघालेले एक माळकरी गृहस्थ होते. नाशिक येण्यापूर्वीच त्यांनी पिठले-भाकरीचा डबा उचलला आणि निमूटपणे वरच्या बर्थवर जाऊन जेवण केले.