आईबाबांना घेऊन युटा-ॲरिझोनाच्या दऱ्यांतून

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईबाबांना नायगारा आणि न्यूयॉर्क दाखवायची पद्धत आहे. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या माणसांसाठी युटा-ॲरिझोनाच्या लाल दऱ्यांसारखी सहल नाही. इथले बहुतेक मोठे देखावे गाडीतून उतरलं की थोड्याच पावलांवर असतात. चालायचं ते हौसेनं. आईचे गुडघे आणि बाबांचा रक्तदाब सांभाळून सगळं पाहून झालं.

आमचा मार्ग असा होता: लास व्हेगास, झायन, ब्राइस आणि कॅपिटल रीफ ही राष्ट्रीय उद्यानं, मोॲब गाव, मॉन्युमेंट व्हॅली, पेज गाव, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि परत व्हेगास. सप्टेंबरअखेरीला निघालो. जुलै-ऑगस्टमध्ये मोॲब तापतं आणि दुपारच्या वळवासारख्या सरींनी अरुंद घळींत अचानक लोंढे येतात, म्हणून तो काळ टाळलेला बरा.

पासचं आधी बघा, कारण नियम बदललेत. २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलरला आणि बाहेरून आलेल्यांना २५० डॉलरला मिळतो. पास नसेल तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन धरून अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा पडतात; सोळा वर्षांखालच्यांना ते लागत नाहीत. भारतातून आलेलं कुटुंब असेल तर हिशोब घरीच करून निघा.

झायनमध्ये मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीत खाजगी गाडी नेता येत नाही, फुकट शटल घ्यावी लागते. उद्यानातलं पार्किंग सकाळी लवकरच भरतं. आम्ही स्प्रिंगडेल गावात मुक्काम केला आणि गावातल्याच शटलनं गेलो. शेवटच्या थांब्यापासून नदीकाठानं जाणारी रिव्हरसाइड वॉक ही मैलभराची फरसबंद वाट आईनं सहज चालली. वाट संपते तिथून पुढे ‘नॅरोज’, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून नदीच्या पाण्यातच चालत जायचं. तरुण मंडळींनी बूट-काठी गावातून भाड्यानं घेऊन जरूर जावं, पण त्या दिवसाचा पुराचा अंदाज पाहिल्याशिवाय नाही. एंजल्स लँडिंग या उंच कड्यावर साखळ्या धरून चढायचं असेल तर २०२२ पासून सोडतीतून परवाना काढावा लागतो.

ब्राइसला जाताना १९३० मध्ये खुला झालेला मैलभराहून लांब बोगदा लागतो. ब्राइस आठ-नऊ हजार फुटांवर आहे, त्यामुळे सप्टेंबरातही पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागली. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं आणि असं वर्षानुवर्षं होऊन दगडाचे हे केशरी सुळके सुटे होतात. सनराइज ते सनसेट पॉइंट ही काठावरची वाट जवळपास सपाट आहे. सुळक्यांत खाली उतरायचा मोह होतो, पण वर येताना त्या उंचीवर दम लागतो. बाबांना आम्ही वरच बसवलं. ते रागावले, मग रमले.

माझ्या लेखी सगळ्या सहलीतला सर्वांत सुंदर भाग कुठल्याच उद्यानात नव्हता. तो होता ब्राइसपासून टोरी गावापर्यंतचा १२ क्रमांकाचा रस्ता. एस्कलान्टे आणि बोल्डर या गावांमध्ये तो एका अरुंद धारेवरून जातो. दोन्हीकडे उतार, कठडा नाही. पुढे बोल्डर माउंटनवर ॲस्पेनची झाडं पिवळी पडलेली होती. घाईत अर्ध्या दिवसात उरकू नका, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. हरणं आणि मोकळी गुरं रस्त्यावर येतात.

कॅपिटल रीफला लोक एक रात्र राहून पळतात, हे मला पटत नाही. फ्रूटा इथे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या वसाहतीच्या फळबागा उद्यानानं जपल्यात. तोडणीचा फलक लागलेल्या बागेत बसून हवी तितकी फळं फुकट खा. घरी न्यायची तर वजन करून पैसे पेटीत टाका. तिथल्या गिफर्ड हाउस या जुन्या घरातल्या दुकानात फळांचे ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) मिळतात, ते दुपारपर्यंत संपतात.

मोॲबजवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवायचा नियम दर वर्षी बदलत आलाय, तो जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर पाहा. डेलिकेट आर्च या दगडी कमानीची वाट जाऊन-येऊन तीन मैल, चढ ४८० फूट, सावली शून्य. आईबाबांनी ती कमान खालच्या व्ह्यूपॉइंटवरून लांबून पाहिली. खरं सांगायचं तर बाबांना जास्त आवडला डेड हॉर्स पॉइंट, जिथून दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. तो राज्याचा पार्क आहे, त्याला राष्ट्रीय पास चालत नाही.

पास मॉन्युमेंट व्हॅलीतही चालत नाही, ती नावाहो या मूळ अमेरिकी जमातीची भूमी. आतला सतरा मैलांचा रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्य असतो, म्हणून नावाहो वाटाड्याची जीप घ्या. दारू नेऊ नका, नावाहो प्रदेशात बंदी आहे. घड्याळाचा घोळही इथेच होतो: नावाहो प्रदेश उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतो, बाकीचं ॲरिझोना करत नाही. तेव्हा पेजची वेळ तासभर मागे असते आणि पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यन या अरुंद घळीच्या सहली पेजच्या वेळेवर चालतात. फोनवर विसंबू नका.

अँटेलोपला वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. तिचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग आहेत. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी अप्पर घ्यावं आणि परतीला जिने किती हे बुकिंग करतानाच विचारावं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअरमध्ये अकरा पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. पाऊस कित्येक मैल वरच्या बाजूला पडला होता. पावसाची शक्यता सांगून सहल रद्द केली तर हुज्जत घालू नका.

खाण्याचं म्हणाल तर बीन बरिटो किती दिवस खाणार? छोटा राइस कुकर, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी यांवर आमचं भागलं. पाणी माणशी दिवसाला चार लिटर गाडीत ठेवा. मुंबईकरांना घाम दिसला नाही की तहान लागत नाही, आणि इथे घाम दिसण्याआधीच वाळतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तासातासाला हातात द्या. बऱ्याच पट्ट्यांत नेटवर्क नसतं, नकाशे आधीच उतरवून घ्या. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरा.

ग्रँड कॅन्यनला दक्षिण काठावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ चुकवू नका. याव्हापाई संग्रहालयापासून निघणारी ही सपाट वाट, दर मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, कडेला त्या त्या काळातले दगड. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ६५ मीटरवर. बाबा तिथे थांबले, “हा आपला घाट,” म्हणाले आणि पुढे निघाले. या दरीचा अगदी वरचा थर २७० मीटरवर येतो आणि तळाचे सर्वांत जुने दगड १८४० मीटरवर. या वाटेवर व्हीलचेअरही जाते.

उत्तर काठाचा बेत असेल तर आधी चौकशी करा. जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. दोन काठांमध्ये सरळ रेषेत दहा मैल असले तरी गाडीनं दोनशेहून जास्त पडतात, तेव्हा एकाच दिवसात दोन्ही काठ करू नका.