ओझरला टेकऑफ रद्द झाला, पण खरा ताप त्या लेटरचा

विमान थांबवलं त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, हे आधीच सांगते. तक्रार आहे ती नंतरच्या एका कागदाची. एअरलाइनचं नाव लिहीत नाही, काही वर्षं झाली आता, पण आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी आणि सासरे, ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, दिल्ली. चेक-इन, सिक्युरिटी पटापट. रनवेवर विमानाने वेग घेतला, पाठ सीटला चिकटली, आणि एकदम पट्टा पोटात रुतला, कोणाची तरी पाण्याची बाटली घरंगळत पुढे गेली, खिडकीतून बघते तर पंखावरच्या फळ्या ताडकन उभ्या राहिलेल्या. थांबल्या थांबल्या घोषणा, जागेवरच बसून राहा. मग कॅप्टन स्वतः बोलले की वेग दाखवणाऱ्या यंत्रणेत गडबड दिसली म्हणून टेकऑफ सोडला. फायरची गाडी येऊन चाकांकडे बघून गेली, कारण एवढ्या वेगात ब्रेक मारले की ते भयंकर तापतात, फारच तापले तर टायर फुटू नये म्हणून चाकातले प्लग वितळून हवा आपोआप सुटते. हे सगळं मी नंतर वाचलं, तेव्हा नुसती रामरक्षा चालू होती.

गेटवर परत आणल्यावर दोघं-तिघं क्रूवर ओरडत होते, आमची मीटिंग आहे वगैरे. त्यांच्यासाठी लिहिते. दोन्ही पायलटांसमोर वेग दाखवणारं आपापलं वेगळं यंत्र असतं, आणि ठरलेल्या वेगाला, बऱ्याच जेटमध्ये ८० किंवा १०० नॉटला, एक जण मोठ्याने आकडा म्हणतो आणि दुसरा आपल्याकडे तोच आहे का ते बघतो. १०० नॉट म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. जुळलं नाही तर तिथेच थांबायचं, कारण पुढे व्ही-वन नावाचा वेग येतो, तो ओलांडला की थांबायला रनवे पुरेलच असं नाही, मग उडायचंच. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकहून निघालेल्या बर्गनएअर कंपनीच्या बोइंग ७५७ विमानाच्या कॅप्टनला रनवेवरच कळलं होतं की आपल्याकडचा वेग बरोबर दाखवत नाहीये, तरी उड्डाण केलं, १८९ माणसं गेली. वेग मोजायच्या नळीत कीटकाने घर केलं असावं असा तपासात संशय होता. आता बोला मीटिंगचं.

असो. विमान त्या दिवशी काही गेलंच नाही. सासरे म्हणाले, "एसटी बंद पडली तर मागच्या गाडीत बसवतात, यांची मागची गाडी नसते का गं?" नव्हतीच. दुसऱ्या दिवशी गेलो, पण दिल्लीचं हॉटेल आणि पुढची तिकिटं बुडाली. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, म्हटलं क्लेम करू.

इन्शुरन्सवाल्यांनी मागितलं एअरलाइनचं लेटर, त्यात पीएनआर, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि उशिराचं कारण. एवढंच. काउंटरवाला म्हणाला कस्टमर केअरला मेल करा. कस्टमर केअर म्हणे एअरपोर्टवरून घ्या. म्हणून गंगापूर रोडवरून नाशिकच्याच द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून परत ओझर, तर तिकीट नाही म्हणून टर्मिनलमध्ये सोडेनात, बाहेरच उभी. आतून एक मुलगी आली, "मॅडम, मेलच करा." शेवटी पीडीएफ आली, त्यात कारण काय तर "ऑपरेशनल रीझन्स". इन्शुरन्स म्हणे ऑपरेशनल म्हणजे काहीही असू शकतं, टेक्निकल लिहून आणा. एअरलाइन म्हणे आमचा फॉरमॅट हाच. प्रत्येक मेलखाली नवं नाव आणि तेच "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". अहो कॅप्टनने सगळ्यांसमोर माइकवर सांगितलं ना काय झालं, मग ते कागदावर लिहायला कोणाचा हात थरथरतो? मी काय विमानाचा रिपोर्ट मागत होते का, एक शब्द हवा होता. आमचे हे म्हणाले सोड आता, पण मी पण पंचवटीची.

हे आधीच सांगायला हवं होतं, दोन तासांच्या फ्लाइटला दोन तासांवर उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, आणि सहा तासांवर जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, तुम्ही निवडायचं. आम्हाला सँडविच मिळालं, मागितल्यावर.

तर लेटर. कस्टमर केअरचा नाद सोडा. प्रत्येक एअरलाइनच्या वेबसाइटवर नोडल ऑफिसर (तक्रारी बघणारा अधिकारी) आणि त्यांच्या वर अपीलेट अथॉरिटी (त्यांनी ऐकलं नाही तर जिथे दाद मागायची ते) यांचे मेल दिलेले असतात, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, शोधावे लागतात. तिथे लिहा, आणि सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. मी दोन्ही केलं तेव्हा हालचाल झाली. मेलमध्ये रडगाणं नको, मी सरळ वाक्यच लिहून दिलं, "तांत्रिक बिघाडामुळे टेकऑफ रद्द करून विमान परत आणले, असे लिहावे." तसंच आलं, पण तारीख चुकीची! परत मेल, परत दिलगीर, मग एकदाचं बरोबर लेटर. क्लेम थोडा कापून मंजूर झाला, कापला का ते विचारायची ताकद नव्हती.

आणि बोर्डिंग पास फेकू नका हं, दोन्ही दिवसांचे लागतात. सासऱ्यांनी पहिल्या दिवसाचा पास पोथीत खूण म्हणून ठेवला होता, म्हणून वाचलो.