वॉटरफर्ड: एक दिवस पाच लॉकांचा

आजचा दिवस वॉटरफर्डमध्ये गेला. न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटं गाव मोहॉक नदी हडसनला मिळते तिथे वसलंय. ईरी कालव्यावर येणाऱ्यांनी लॉक क्रमांक 2 पासून सुरुवात करावी. लॉक म्हणजे दारं बंद करून, पाणी भरून किंवा सोडून बोटी वर-खाली नेणारा कालव्यातला हौद.

इथून क्रमांक 6 पर्यंतचे पाच लॉक बोटींना दोन मैलांच्या आत सुमारे 169 फूट वर चढवतात. म्हणजे एकेक लॉक जवळपास 34 फुटांचा! कुठेही पंप नाही. वरच्या पातळीचं पाणी भिंतींतल्या बोगद्यांतून आपल्या वजनानेच खाली येतं. व्हॉल्व्ह उघडला की तळातून पाणी उसळतं आणि बोट भिंतीकडे ओढली जाते. म्हणून फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला लटकवायच्या धक्के झेलणाऱ्या गाद्या, आधीच बाहेर टाकलेले हवेत. भिंतीवरून सोडलेले दोर हातात धरायचे, बोटीला गाठ मारून बांधायचे नाहीत. उतरताना दोर बांधलेला राहिला तर पाणी खाली जातं आणि बोट तिरकी लटकते. काठावर उभं राहून हे सगळं अगदी जवळून दिसतं, तेही फुकट. मला तर हेच गावातलं सर्वात मोठं आकर्षण वाटतं.

लॉक 2 च्या शेजारीच जुन्या कालव्याचे दगडी लॉक आहेत. आता त्यांतून जादा पाणी सोडतात. घडीव दगडांचे सांधे जरूर निरखा.

दुपार पीबल्स आयलंड स्टेट पार्कसाठी ठेवा. 1777 मधल्या मातीच्या तटबंदीच्या खुणा इथे अजून आहेत. कड्यांचा शेल खडक ठिसूळ आहे, मुलांना कडेला सोडू नका.

यायचं तर मे अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हिवाळ्यात कालवा बंद असतो.